पावसाळी ट्रेकच्या पिशवीत कोणता लायटर ठेवाल?

कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड, रतनगड... अकोले तालुक्यातल्या या डोंगरांवर पावसाळ्यात सगळंच भिजतं. म्हणून लायटर विचार करून निवडा.

🔥 चाक फिरवून ठिणगी पाडणारा साधा पारदर्शक लायटर उत्तम. गॅस किती उरलाय ते बाहेरून दिसतं आणि भिजला तरी तो पुन्हा चालू करता येतो. पाणी झटका, चाकावर फुंकर मारा, मग कोरड्या कापडावर चाक घासत फिरवत राहा. चाकाखालचा खडा सुकला की ठिणगी पडते.

🔥 नुसत्या खटक्याच्या लायटरवर विसंबू नका. ओलाव्यात त्याची ठिणगी दगा देते.

🔥 पेट्रोलच्या लायटरमधलं इंधन न वापरताही उडून जातं. महिनोन् महिने पडून राहणाऱ्या पिशवीसाठी तो नको.

🔥 गॅस लायटरमधलं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास नीट वायुरूप होत नाही. डिसेंबर-जानेवारीत गडावर मुक्काम असेल तर लायटर आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

🔥 पिशवीत बटण दाबलं जाऊन गॅस निघून जातो. बटणाखाली झिप टाय अडकवा. उन्हात तापलेल्या गाडीत लायटर ठेवू नका.

🔥 सोबत हवाबंद डबीत कापूर आणि काडेपेटी असू द्या.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. हौसेची शेकोटी अजिबात नको, लायटर फक्त खऱ्या संकटासाठी. निघायच्या आदल्या रात्री तो एकदा पेटवून बघाच!