गोपद्मांची तेहतीस पावलं

सकाळी सकाळी गावात फिरतीवर गेलं की नजर आधी अंगणाकडं जाते. सडा पडलेला असला, उंबऱ्यापुढं चार बोटं का होईना रांगोळी दिसली, की समजावं, घर उठलं, दिवस सुरू झाला.

आषाढी एकादशीपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत बऱ्याच बाया गोपद्मांचं व्रत धरतात. गाईच्या पावलांसारखी ३३ चित्रं रांगोळीनं रोज देवापुढं किंवा तुळशीपाशी काढायची, हळद-कुंकू वाहायचं. असे पाच चातुर्मास झाले की उद्यापन.

आता हिशेब करून पाहा. हेच चार महिने आपल्या खरिपाचे. कोळपणी, खुरपणी, मूग-उडदाची तोड, सोयाबीनची काढणी सगळी याच काळात. बाईला बसायला सवड नसते. तरी ती रोज थोडा वेळ पाटावर बसते, ३३ पावलं मोजून काढते. तेवढा वेळ उधारी नाही, भाव नाही, पावसाची काळजी नाही. हात स्थिर झाला की मनही ठिकाणावर येतं.

एका आजीबाईंना मी विचारलं, "आजी, रोज पुसून जातं ते रोज कशाला काढायचं?" त्या म्हणाल्या, "साहेब, पीक बी दरसाल कापून नेता की. मग पेरायचं सोडता का?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ही रीत आजकालची नाही. शेजारच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात धूलिचित्राचा, म्हणजे भुकटीनं काढायच्या चित्राचा उल्लेख आहे. आता फरशीवर रांगोळीचं स्टिकर चिकटवतात. ते दिसायला बरं; पण त्याच्यासाठी रोज उठून बसावं लागत नाही, आणि खरा गुण तर त्या बसण्यातच आहे.

१८ ऑगस्ट २०२५ आठवा. चातुर्मासच चालू होता. आपल्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्यानं वेढली. माणसं गेली, जनावरं गेली, अंगणात गाळ साचला. अशा वेळी पिकाचा पंचनामा होतो, घराचा होतो, जनावराचा होतो. मनाचा पंचनामा कोण करणार?

रांगोळीनं कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. पण गाळ काढून, अंगण सारवून ज्या दिवशी बाई पुन्हा पहिली रेघ ओढते, त्या दिवशी ते घर उभं राहायला लागतं. म्हणून घरातल्या पुरुषांनी "हे काय बायकांचं काम" म्हणून हसू नये. सडा टाकायला एक बादली पाणी आणून दिलं तरी पुष्कळ.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई यांना एक विनंती. ज्या दारात रोज रांगोळी पडायची ते अंगण सुतक फिटल्यावरही कोरंच दिसलं, तर पुढं जाऊ नका. दार वाजवा, चहा मागा, बसा, ऐकून घ्या. गरज वाटली तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून द्या. तिथं बोलायला पैसे पडत नाहीत.

उद्या सकाळी शेतात निघताना आपल्या आणि शेजारच्या अंगणाकडं एकदा बघून जा.