निळा डाग किती खरा?

औरंगपुऱ्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे : "दाढेत सिमेंट भरल्यावर डॉक्टर निळा कागद चावायला देतात. आता म्हणे हे काम संगणक करतो. मग कागद बाद झाला का?"

बाद मुळीच नाही. फक्त त्याला भलतंच विचारू नये. दोन दाढा जिथे टेकतात तिथे कागदाची शाई उमटते आणि डॉक्टर तेवढाच उंचवटा घासतात. मात्र मोठा, गडद डाग म्हणजे जास्त जोर, ही समजूत चुकीची आहे. अंघोळीनंतर फरशीवर उमटलेल्या ओल्या पावलावरून माणसाचं वजन कळतं का? तेच बळ लहानशा टोकावर एकवटलं तर दाब वाढतो आणि डाग मात्र इवलासा राहतो. शिवाय दात लाळेने ओला असला, की शाई नीट धरत नाही.

ही उणीव हेरली विल्यम मॅनेस या अमेरिकी दंतवैद्याने. १९८७ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी 'टी-स्कॅन' जगापुढे मांडलं. पातळ प्लास्टिकच्या पट्टीत दाब ओळखणाऱ्या बिंदूंची जाळी असते. पट्टी चावली, की कुठला दात आधी टेकला, कुठला नंतर आणि एकूण जोरातला किती टक्के वाटा कोणत्या दाताने उचलला, हे पडद्यावर हलत्या चित्रात दिसतं. पुढे याच तंत्राने मधुमेहींच्या तळपायावरचा दाब मोजला जाऊ लागला. 

'आधी-नंतर' कळण्याचं मोल इम्प्लांटमध्ये, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दातात दिसतं. नैसर्गिक दात हाडात तंतूंच्या गादीवर बसलेला असतो. जोराने चावलं, की तो २५ ते १०० मायक्रॉन दबतो. हाडात घट्ट बसलेला इम्प्लांट जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. दोघे एकदम टेकले, तर जास्तीचा भार इम्प्लांटवर पडतो. कागदाला ही वेळ टिपता येत नाही.

पण जाहिरातींनी भुलू नये. यंत्र जोराची वाटणी दाखवतं, न्यूटनमधलं बळ नाही. पट्टीलाही सुमारे ०.१ मिलिमीटर जाडी असतेच, आणि ती पुन्हापुन्हा चावून थकते. तोंडात फिरवायचा स्कॅनर तर दातांमधलं अंतर रंगवून दाखवतो, जोर मोजतच नाही. साध्या फिलिंगला कागद आणि अनुभवी हात पुरतात.

तिसरं मोजमाप तुमच्याच तोंडात आहे. नैसर्गिक दात ज्या तंतूंच्या गादीवर बसतो, त्यांतल्या संवेदकांना दातांमध्ये आलेला सुमारे २० मायक्रॉनचा पापुद्राही जाणवतो. बधिरतेच्या इंजेक्शनने मात्र ही जाणीव तात्पुरती झोपते. म्हणून खुर्चीतून उठताना "ठीक वाटतंय" म्हणालात, तरी बधिरपणा उतरल्यावर पुन्हा चावून पाहा. दाढ उंच लागली तर "सवय होईल" म्हणत दुखणं अंगावर काढू नका. आपल्या डॉक्टरांकडे किंवा घाटी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा आणि नेमकं कुठे लागतंय ते सांगा.