विधेय: व्याकरणातले आणि तर्कशास्त्रातले
वाक्यात ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगायचे ते विधेय. शाळेतल्या वाक्यपृथक्करणामुळे एवढे बहुतेकांना माहीत असते. 'शेजारची मुले मैदानात खेळतात' यात 'मुले' हे उद्देश्य, 'शेजारची' हा त्याचा विस्तार. 'खेळतात' हे विधेय आणि 'मैदानात' हा त्याचा विस्तार.

ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्रही याच दुभागणीवर उभे होते. 'सर्व माणसे मर्त्य आहेत' अशा विधानांना ती पुरते. 'लोणावळा पुणे आणि मुंबई यांच्या मध्ये आहे' इथे मात्र ती तोकडी पडते, कारण यात तीन गावांमधला संबंध आहे, एकट्या लोणावळ्याचा गुण नव्हे. जर्मन गणिती गोटलोब फ्रेगे याने १८७९ मध्ये विधेयाकडे रिकाम्या जागा असलेले फलन म्हणून पाहिले. 'क्ष ही मूळ संख्या आहे' हे स्वतः खरेही नाही आणि खोटेही नाही. क्षच्या जागी ७ घातले की खरे विधान मिळते, ८ घातले की खोटे.

जागा भरण्याऐवजी 'प्रत्येक' किंवा 'निदान एक' असेही म्हणता येते, आणि अशा विधेयांच्या तर्कशास्त्राची, म्हणजे विधेय-कलनाची, खरी ताकद इथेच आहे. या शब्दांचा क्रम बदलला की अर्थ पालटतो. प्रत्येक पूर्णांकापेक्षा मोठा एखादा पूर्णांक असतो, हे खरे. सगळ्या पूर्णांकांपेक्षा मोठा असा एकच पूर्णांक आहे, हे साफ खोटे. कलनशास्त्रातील सीमेची काटेकोर व्याख्या याच क्रमावर तोललेली आहे.

विधेय-कलनातले कोणतेही विधान तर्कतः सत्य आहे की नाही, हे हमखास ठरवणारी यांत्रिक रीत मात्र असू शकत नाही. १९३६ साली अलॉन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी हे स्वतंत्रपणे सिद्ध केले.