डावी सीमा आणि उजवी सीमा

कलनशास्त्र शिकूं लागलेला विद्यार्थी प्रथम अडखळतो तो 'सीमा' या शब्दापाशीं. व्यवहारांत सीमा म्हणजे जेथें पोंचून थांबावयाचें तें ठिकाण. गणितांतील सीमा मात्र जवळ जातां जातां कळते. तेथें पाऊल ठेवावें लागत नाहीं. हा भेद सूत्रापेक्षां आलेखावर लौकर उमगतो.

श्रोत्यांनीं मनाशीं पाण्याचा आलेख काढावा. आडव्या अक्षावर सेंटिग्रेड उष्णतामान, उभ्या अक्षावर घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचें ग्रॅममध्यें वजन. हवेचा दाब नेहमींचा. शून्य अंशाच्या डावीकडे बर्फ, उजवीकडे पाणी. आतां शून्यावर कागदाची बारीक पट्टी ठेवावी. डावीकडून रेषेवर बोट ठेवून पट्टीकडे सरकत गेल्यास उंची ०.९१७ च्या जवळ जाते. ही डावी सीमा. उजवीकडून १०, ४, १ अंश असें येत गेल्यास उंची ०.९९९७, १.००००, ०.९९९९ अशी होत ०.९९९८ च्या जवळ येते. ही उजवी सीमा. 'उजवी' म्हणजे उजवीकडे जाणारी नव्हे, उजवीकडून येणारी. पुष्कळांची चूक येथेंच होते.

या दोहोंत मेळ नाहीं, म्हणून शून्यापाशीं आलेखाला एकच अशी सीमा नाहीं. याउलट सुमारें ४ अंशांपाशीं दोन्हीकडून चढत येणारीं बोटें १.०००० या एकाच उंचीवर भेटतात. तेथें सीमा आहे.

आतां पट्टी उचलावी. शून्य अंशावर बर्फ व पाणी एकत्र नांदूं शकतात. तेथील घनता एका आंकड्यानें सांगतां येत नाहीं. तरीही दोन्ही सीमांना धक्का लागत नाहीं. फ्रेंच गणिती कोशी यानें १८२१ च्या आपल्या ग्रंथांत सीमेचा अर्थ हाच धरला: हवा तितका अल्प फरक उरेल इतकें निकट येणें.

या दोन सीमांतील अंतर कागदापुरतें नाहीं. १०० माप पाणी गोठलें म्हणजे सुमारें १०९ माप जागा मागतें. म्हणून काठोकाठ भरून बूच घट्ट लावलेली बाटली गोठतांना फुटते. बर्फ हलका म्हणून तरंगतो. थंड देशांतील तळीं वरून गोठतात आणि खालीं मासे जगतात. शून्यावर रेषा सरळ जोडून टाकणाऱ्याच्या कागदावरून ही सारी हकीकत पुसली जाते.

तेव्हां आलेख वाचतांना दोन प्रश्न निराळे ठेवावे: बोट कोठें पोंचत आहे, आणि बिंदु कोठें आहे.