संगणकीय फलकाची नवी आवृत्ती आणि मराठीची अक्षरे



ज्याची हयात मराठीच्या अध्यापनात गेली, त्याने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु शाळेच्या आठवणी, जुनी हस्तलिखिते आणि परगावी गेलेल्या विद्यार्थ्यांची पत्रे एका संगणकीय फलकावर एकत्र ठेवावीत, असा विचार माजी विद्यार्थ्यांत चालू आहे. ज्या साधनावर आपण आपली भाषा सोपवणार, त्याची घडण जाणून घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे, अशी माझी समजूत आहे. म्हणून हा विषय मी घेतला.

प्रथम फलक म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या दारातील फळ्यावर एकाने लिहावे व सर्वांनी वाचावे, अशी आपली रीत. संगणकीय फलकावर वाचणाराही लिहू शकतो, आणि त्याच्या उत्तराला तिसरा उत्तर देऊ शकतो. असा पहिला सार्वजनिक फलक १९७८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस या दोघांनी सुरू केला. दूरध्वनीच्या तारेला मोडेम नावाचे यंत्र जोडून त्याच्याशी संपर्क साधावा लागे. तार एकच असल्याने एका वेळी एकच मनुष्य फलक वाचू शके. त्याने तार सोडली की दुसऱ्याची पाळी येई. पुढे इंटरनेट आले. आपल्या देशात ते सर्वसामान्य ग्राहकांना १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले आणि पाळीची अट संपली.

या नव्या काळातील फलकांसाठी ज्या आज्ञावल्या निघाल्या, त्यांत ‘पीएचपीबीबी’ ही फार प्रसार पावलेली. तिच्या नावातील शेवटचे दोन बी म्हणजे ‘बुलेटिन बोर्ड’, अर्थात आपला सूचनाफलक. ती विनामूल्य आहे, आणि तिची संहिता कोणालाही वाचता व बदलता येते. २००० साली तिचा आरंभ झाला, २००२ च्या एप्रिलात दुसरी आवृत्ती आली आणि १३ डिसेंबर २००७ रोजी तिसरी. तिच्या पुढील सुधारित आवृत्त्या आज वापरात आहेत. पण मूळचा पालट तिसऱ्या आवृत्तीत घडला. तो समजला की पुढचे समजणे सोपे जाते.

या आवृत्तीतील सुधारणांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग व्यवस्थेचा. पूर्वी फलकाचे विभाग पडत, परंतु विभागात उपविभाग आणि त्यातही उपविभाग अशी रचना होत नसे. ती आता हवी तितकी खोल करता येऊ लागली. म्हणजे ‘नाट्यप्रयोग’ या विभागात दशकवार उपविभाग आणि त्यात प्रत्येक प्रयोगाचा स्वतंत्र कप्पा असे करता येते. लेखासोबत छायाचित्र किंवा अन्य संचिका जोडण्याची सोय मूळ आज्ञावलीतच आली. अर्धवट मजकूर मसुदा म्हणून राखून ठेवता येऊ लागला. कोणी काय वाचावे, कोठे लिहावे व कोणाचे लिखाण संपादकाने पाहिल्यावरच प्रसिद्ध व्हावे, याचे नियम बारकाईने ठरवता येऊ लागले. आक्षेपार्ह मजकुराची तक्रार करण्याची आणि लेखकाला ताकीद देण्याची तरतूदही झाली. सार्वजनिक व्यवहारात मर्यादा राखण्यासाठी हे सर्व उपयोगी आहे. पण त्याचे स्पष्टीकरण एवढ्यावर थांबवतो. ते वापरताना सहज कळते.

दुसरा वर्ग एकाच सुधारणेचा आहे. सुधारणांच्या लांबलचक यादीत ती सहज नजरेआड होईल. मराठीच्या दृष्टीने मात्र तीच सर्वांत मोठी. या आवृत्तीपासून फलकावरील सारा मजकूर ‘युनिकोड’ संकेतात साठवला जाऊ लागला.

याचा अर्थ थोडा विस्ताराने सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर मानावे, याचा करार म्हणजे संकेत. जुन्या अमेरिकी संकेतात जेमतेम १२८ जागा होत्या, आणि त्या रोमन अक्षरे, आकडे व चिन्हे यांतच संपत. म्हणून परदेशी गेलेली आपली मुले पुष्कळ काळ रोमन लिपीत मराठी लिहीत राहिली. पुढे कृतिदेव, शिवाजी अशा नावांचे टंक आले. पडद्यावर देवनागरी उमटू लागली, पण पोटात आकडे रोमन अक्षरांचेच होते. त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला होता. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच टंक नसला की मुखवटा गळून पडे आणि निरर्थक अक्षरांची रांग दिसे. शिवाय प्रत्येक टंकाचा करार निराळा. एका टंकात लिहिलेला शब्द दुसऱ्या टंकात शोधून सापडत नसे.

भारत सरकारच्या मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत प्रमाण मानला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकत्र आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली होती. म्हणजे पाया आपलाच होता. मात्र घरोघरच्या संगणकांत तो उतरायला ‘विंडोज २०००’ उजाडावे लागले, आणि पीएचपीबीबीच्या फलकापर्यंत पोचायला २००७ साल.

तरीही मराठीचे काम पुरे झाले नव्हते. ‘ॲडमिशन’, ‘ॲल्युमिनियम’ या शब्दांचा आरंभीचा स्वर मराठीत आपण ‘अ’वर चंद्र काढून लिहितो. युनिकोडमध्ये प्रारंभीपासून ‘ए’वर चंद्र होता, मराठीचा ‘ॲ’ नव्हता. बडोद्याच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचणाऱ्या आपल्याला हे चटकन कळेल: शेजारच्या गुजरातीचे चंद्रयुक्त ‘ए’ तिच्या तक्त्यात होते, आणि आपली भाषा या एका अक्षरासाठी ताटकळत होती. युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ च्या एप्रिलात, ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान दिले.

आता अडचण पाहा. मधल्या वर्षांत लोकांनी ‘अ’ लिहून त्यावर निराळे चंद्रचिन्ह टाकण्याची वाट काढली होती, आणि ती सवय अजून गेलेली नाही. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरे आहेत. एका रूपात लिहिलेले ‘ॲडमिशन’ दुसऱ्या रूपात शोधल्यास हाती लागेलच असा भरवसा नाही. तीच कथा आपल्या ‘ऱ्य’ची. समुद्र या अर्थी ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’, गुरुजन ते ‘आचार्यांना’ आणि स्वयंपाकी ते ‘आचाऱ्यांना’; हा भेद मराठीला प्राणासारखा जपावा लागतो. यातील ‘ऱ्य’ स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालूनही. दिसते एकच, साठते दोन प्रकारे.

फलकाची नवी आवृत्ती मजकूर साठवण्यापूर्वी त्याला काही अंशी एकरूप करते. ‘र’खाली नुक्ता देऊन कोणी ‘ऱ’ लिहिला, तर त्याचा एकसंध ‘ऱ’ होतो. युनिकोडच्या नियमात ते समीकरण नमूद आहे. पण ‘ॲ’च्या दोन रूपांचे किंवा ‘ऱ्य’च्या दोन लेखनांचे समीकरण त्या नियमात नाही. जेथे नियम नाही, तेथे यंत्र स्वतःच्या बुद्धीने काही करणार नाही. तेथे लिहिणाऱ्यांचे एकमत हवे.

आपल्या नगरीला ही गोष्ट परकी नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला येथे आणले आणि वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ देणारे मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. कपाट खुले झाले म्हणजे ग्रंथ मिळतोच असे नाही. त्यावर क्रमांक बरोबर पडलेला असावा लागतो. चुकीच्या क्रमांकाचे पुस्तक चोरीला न जाताही हरवते. फलकावरील शब्दाचेही तसेच आहे.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. मजकूर देवनागरीतच आणि युनिकोडमध्येच घ्यावा. जुन्या टंकांतील लेखन फलकावर चढवण्यापूर्वी रूपांतरित करून कोणा जाणकाराकडून वाचून घ्यावे, कारण जोडाक्षरे तेथेच बिघडतात. ‘ॲ’ एकाच संकेताचा आणि ‘ऱ्य’ स्वतंत्र ‘ऱ’चा, असा नियम आरंभीच ठरवून तो फलकाच्या माथ्यावर लावावा. आणि हस्तलिखिताचे छायाचित्र जोडले तरी त्याखाली मजकूर टंकून द्यावा, कारण फलकाचा शोध चित्रातली अक्षरे वाचत नाही.

हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्याचे श्रेय कोणाला मिळणार नाही. परंतु आणखी तीस वर्षांनी या शाळेच्या एखाद्या विद्यार्थिनीची नात दूरदेशी बसून आपल्या आजीचे नाव त्या फलकावर शोधील. ते नाव तेथे असूनही तिला सापडले नाही, तर तो दोष आज्ञावलीच्या माथी मारता येणार नाही. आज्ञावलीने अक्षरांना जागा दिली आहे. ती अक्षरे नीट लिहिण्याचे काम आपले आहे.