स्पेलंकर : पाऊल जपून टाकायला लावणारा खेळ

व्हिडिओ गेमच्या नायकाला सहसा पडण्याची भीती नसते. मारिओ त्याच्या बहुतेक खेळांत कितीही उंचावरून जमिनीवर आला तरी लगेच धावत सुटतो. ‘स्पेलंकर’मधला गुहावीर मात्र स्वतःच्या उंचीपेक्षा कमी उंचीवरून पडला तरी मरतो. वटवाघळाची विष्ठा अंगावर पडली तरी मरतो. स्वतः लावलेल्या सुरुंगाजवळ रेंगाळला तरी मरतो. जपानमध्ये त्याची ख्याती ‘सर्वांत दुबळा नायक’ अशीच आहे. मला मात्र हा खेळ जुन्या काळातल्या सर्वांत प्रामाणिक खेळांपैकी एक वाटतो.

टिम मार्टिन यांनी १९८३ साली अटारीच्या आठ-बिट संगणकांसाठी तो बनवला. मायक्रोग्राफिक इमेज या छोट्या अमेरिकी कंपनीचा हा खेळ पुढे ब्रॉडरबंडने बाजारात आणला. ६ डिसेंबर १९८५ रोजी जपानच्या आयरेम कंपनीने तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर आणला आणि तिथे तो घराघरांत पोचला. आयरेमच्या त्या कॅसेटवर एक छोटा लाल दिवा असे. यंत्र सुरू झालं की तो पेटायचा.

खेळाचं काम सरळ आहे. शिड्या, दोर, पाळणे आणि खाणीतल्या गाड्या यांच्या आधाराने खाली खाली जायचं, वाटेतल्या किल्ल्या गोळा करून दारं उघडायची आणि तळाचा खजिना गाठायचा. वर ऊर्जेची पट्टी सतत घटत असते, त्यामुळे विचार करत उभं राहण्याचंही मोल मोजावं लागतं. वटवाघळं पळवायला शोभेचे बाण असतात, पण मोजकेच. भूत येण्याआधी संगीत बदलतं. त्याला हवेच्या झोताने उडवता येतं, पण त्या झोतापायी ऊर्जा झपाट्याने संपते.

खरी परीक्षा दोरावर होते. दोर सोडताना नुसतं दिशेचं बटण दाबलं तर नायक सरळ खाली पडतो. दिशा आणि उडी ही दोन्ही बटणं एकदम दाबावी लागतात. नवा खेळाडू इथेच चिडून कंट्रोलर खाली ठेवतो. जो टिकतो त्याला कळतं, की हा खेळ फसवत नाही. गुहेचा नकाशा दर वेळी तोच असतो, नियमही तेच. कालचं मरण आज टाळता येतं, कारण ते कशामुळे आलं हे स्पष्ट दिसलेलं असतं. २००८ साली डेरेक यू यांनी काढलेल्या ‘स्पेलंकी’मध्ये गुहा दर डावात नवी घडते. तिथे प्रसंगावधान लागतं, इथे पाठांतर आणि संयम.

गुहेचं आणि संगणकाचं नातं मात्र स्पेलंकरहूनही जुनं आहे. अमेरिकेतले प्रोग्रामर विल क्राउदर स्वतः गुहा धुंडाळणारे होते. केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या परिसरातले बोगदे मनात धरून त्यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर केवळ शब्दांवर चालणारा ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. त्यातही कंदिलाची बॅटरी संपायची आणि चक्रव्यूहात वस्तू टाकत टाकत वाट लक्षात ठेवावी लागायची.

मॅमथ गुहा चुनखडीत आहे. तिची मोजलेली लांबी साडेसहाशे किलोमीटरहून अधिक भरते. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. हा खडक पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडची घारापुरीसारखी प्रसिद्ध लेणी माणसांनी खोदलेली आहेत. तरीही नवी मुंबईच्या मुलांना हा खेळ परका वाटू नये. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला असलेले ‘टीव्ही गेम’ इथल्या सिडकोच्या वसाहतींत पोचले. मे महिन्याच्या सुट्टीत भावंडं कॅसेटमध्ये फुंकर मारून पाळीपाळीने खेळत. ती पिढी आता पनवेलजवळच्या कलावंतीण दुर्गाच्या कोरीव पायऱ्या चढते. तिथे अनुभवी ट्रेकर नवख्याला पहिली गोष्ट सांगतो : उतरताना उडी मारायची नाही, आधी पाय टेकव, मग वजन टाक. स्पेलंकर नेमकं हेच शिकवतो. उंचीला न घाबरणारे नायक आपण पडद्यावर इतके पाहिले आहेत, की उंचीचा मान राखणारा नायक दुबळा वाटू लागला आहे.

हल्लीचे खेळ चुकांना उदार असतात आणि लहान मुलांसाठी ते योग्यही आहे. पण घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल, तर एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर स्पेलंकर खेळायला बसा. पहिल्या दोराशीच ते अनेकदा मरेल. त्याला उत्तर सांगू नका. नायक का मरतो, एवढंच विचारा आणि ते स्वतः शोधेपर्यंत शेजारी बसून राहा.