अर्धी टाकी का नाचते? ट्रॉलीवरचं पाणी आणि माझं चुकलेलं गृहीतक



आज पेपर कसा वाचायचा किंवा प्रपोजल कसं लिहायचं, यावर बोलणार नाही. आज एका पाण्याच्या टाकीबद्दल बोलू. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय टाकीचा असला तरी मुद्दा संशोधनाचाच आहे.

आमच्या रांजणगावात (महागणपतीचं रांजणगाव, तालुका शिरूर) उन्हाळा लागला की रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलेल्या पाण्याच्या टाक्या दिसायला लागतात. कुठे बाग जगवायची असते, कुठे बांधकाम चालू असतं, कुठे लग्न असतं. आमच्या शेजारचे तात्या दरवर्षी अशीच टाकी घेऊन तुकोबांच्या पालखीबरोबर एका दिंडीच्या सेवेला जातात. दिंडी म्हणजे चालतं घरच. अंथरुणं, भांडी, शिधा आणि पाणी, सगळं सोबत. पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत रोटी घाटातून उंडवडीकडे जाते. त्या सगळ्या वाटेवर टाकी सकाळी भरलेली असते आणि दुपारपर्यंत अर्धी होते.

गेल्या वारीहून आल्यावर तात्यांनी सांगितलं, की पुढची गाडी अचानक थांबली म्हणून त्यांनी ब्रेक मारला, तर टाकी सरकत जाऊन पुढच्या फाळक्यावर आदळली. फाळका वाकला. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती. "भरल्याली टाकी जाग्याव बसती रे. अर्धी झाली की मग ती नाचती," ते म्हणाले.

मी फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पीएचडी करतोय. त्यामुळे उत्तर द्यायची घाई झाली. तिथेच अंगणात मी त्यांना सांगितलं, "तात्या, भरलेली काय नि अर्धी काय, सरकायची वेळ एकच." हे उत्तर चूक होतं. कसं चुकलं ते बघू.

पहिलं उत्तर: वस्तुमान कटतं

सोपं उदाहरण घेऊ. टाकी लोखंडी, चौकोनी, २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच. काठोकाठ भरली तर २००० लिटर, म्हणजे २००० किलो पाणी. टाकीचं स्वतःचं वजन सध्या सोडून देऊ.

ट्रॉली ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललीय आणि १० मीटरमध्ये थांबवायची आहे. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, या सूत्राने मंदन येतं सुमारे ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाच्या भाषेत ०.३५ जी. म्हणजे २००० किलोची टाकी पुढे जायला जवळजवळ ७०० किलो वजनाइतका जोर लावते. तिला धरून ठेवतं ते तळाचं घर्षण. ओल्या लोखंडी पत्र्यावर घर्षणांक ०.२ धरला, तर घर्षण ४०० किलोइतकंच जोर पेलतं. उरलेले ३०० किलो कुणीतरी पेलायला हवेत. दोर नसेल, आडकाठी नसेल, तर टाकी निघाली.

आता टाकी अर्धी करा. पुढे ढकलणारा जोर निम्मा झाला, पण घर्षणही निम्मं झालं. दोन्हीकडे वस्तुमान आहे, ते कटतं. मंदन ०.२ जी च्या पुढे गेलं की टाकी सरकणार, मग ती भरलेली असो वा अर्धी. गणित बरोबर, युनिट बरोबर. माझ्या आत्मविश्वासाचं कारण हेच होतं.

पण तात्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते या गणितात बसत नव्हतं. अशा वेळी दोन रस्ते असतात: "त्यांचा काहीतरी गैरसमज असेल" म्हणायचं, किंवा आपण न बोलता काय धरून चाललोय ते शोधायचं. मी धरून चाललो होतो की पाणी म्हणजे दगड. टाकीबरोबर थांबणारा एकसंध ठोकळा.

दुसरं उत्तर: उथळ पाण्याला खळखळाट फार

टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाण्याला हलायला मोकळी जागा नसते. तेव्हा ते खरंच जवळपास दगडासारखं वागतं. अर्ध्या टाकीत मात्र पाण्याला मोकळा पृष्ठभाग मिळतो. ब्रेक लागला की टाकी थांबते, पाणी थांबत नाही. ते पुढच्या भिंतीवर चढतं, परत येतं, पुन्हा चढतं. याला आपण डचमळणं म्हणतो.

या डचमळण्याचा अभ्यास कुठे झालाय? मी सुरुवातीला "ट्रॅक्टर", "टाकी", "ट्रॉली" असे शब्द टाकून शोधत बसलो आणि हाती फारसं काही लागलं नाही. मग लक्षात आलं की हाच प्रश्न इतरांना वेगळ्या नावाने पडलाय. रॉकेटमधल्या इंधनासाठी नासाने १९६६ मध्ये अब्रॅमसन यांनी संपादित केलेला एक जाडजूड ग्रंथ काढला. भूकंपात पाण्याच्या टाक्यांचं काय होतं, यावर जॉर्ज हाउसनर यांनी १९६३ मध्ये लिहिलं. आपल्या गावातल्या उंच टाकीचं भूकंपासाठी गणित करायला जे भारतीय मानक आहे, आयएस १८९३ भाग २ (२०१४), त्यातही हाच विचार आहे. लिटरेचर सर्च करताना हे लक्षात ठेवा: तुमच्या वस्तूचं नाव शोधू नका, तिच्यात घडणाऱ्या क्रियेचं नाव शोधा.

हाउसनर यांची कल्पना फार उपयोगी आहे. टाकीतल्या पाण्याचे मनातल्या मनात दोन भाग करा. एक भाग टाकीला चिकटलेला, तिच्याबरोबरच थांबणारा. दुसरा भाग स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखा, मागेपुढे झुलणारा. कोणता भाग किती, हे पाण्याची खोली आणि टाकीची लांबी यांच्या गुणोत्तरावर ठरतं.

आपल्या टाकीत अर्धा मीटर पाणी आहे, लांबी २ मीटर. रॉकेटवाल्यांच्या रेषीय सूत्रात हे आकडे घातले, तर झुलणारा भाग येतो सुमारे ६८ टक्के, आणि एका झोक्याला वेळ लागतो साधारण २ सेकंद. स्प्रिंगला बांधलेल्या वजनावर एकदम जोर लावून तो तसाच ठेवला, तर स्प्रिंग शांत स्थितीच्या दुप्पट ताणली जाते. इथेही तेच. ब्रेक दाबल्यावर साधारण एका सेकंदाने झुलणारा ६८ टक्के भाग दुप्पट जोर देतो, चिकटलेला ३२ टक्के एकपट. बेरीज १.६८.

म्हणजे अर्धी टाकी तिच्या वजनाच्या मानाने १.६८ पट जोर लावते. घर्षण मात्र वजनाएवढंच. त्यामुळे ती ०.२ जी ला नाही, तर ०.१२ जी लाच सरकू शकते. ०.१२ जी म्हणजे ताशी ३० किलोमीटरवरून ३० मीटरमध्ये थांबणं. हा काही करकचून मारलेला ब्रेक नव्हे, रोजचाच ब्रेक आहे.

तात्या बरोबर होते. टाकी नाचते, आणि ब्रेक मारल्यावर "जरा थांबून" नाचते, कारण लाट पुढे पोचायला तो एक सेकंद लागतो. रस्त्यावर खड्डे असतील तर आणखी वाईट: ट्रॉली उसळून खाली येते त्या क्षणी टाकीचा तळावरचा दाब कमी होतो, आणि घर्षणही तेवढं कमी होतं.

तिसरं उत्तर: प्रश्नच अर्धा होता

इथे मी खूश होऊन थांबणार होतो. "अर्धी टाकी जास्त धोक्याची." वाक्य छान आहे, लक्षात राहण्यासारखं आहे. पण तेही पूर्ण खरं नाही.

समजा टाकी घर्षणावर न सोडता तिच्या पुढे लोखंडी अँगल वेल्ड केलाय. आता सरकायचा प्रश्न नाही, प्रश्न अँगल टिकेल का हा आहे. अँगलला वजनाच्या मानाने किती याच्याशी देणंघेणं नाही, त्याला एकूण जोर किती हे कळतं. भरलेली टाकी: २००० किलो गुणिले १. अर्धी टाकी: १००० किलो गुणिले १.६८, म्हणजे १६८० किलोचा हिशोब. इथे भरलेली टाकी जड पडते.

नुसत्या घर्षणावर ठेवलेली टाकी अर्धी असताना धोक्याची, आणि अडवलेल्या टाकीचा आधार भरलेली असताना जास्त ताणला जातो. "कोणती टाकी धोकादायक?" या प्रश्नाला उत्तरच नाही, जोवर "कशाने धरलेली?" हे विचारत नाही. तुमच्या संशोधनाच्या प्रश्नातही असा एक न विचारलेला "कशाने" लपलेला असू शकतो.

परदेशातल्या कॅरॅव्हॅनमध्ये तर हा प्रश्न आणखी वेगळा होतो. (महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे आपल्याकडेही हा विषय येणार.) तिथे पाण्याची टाकी बऱ्याचदा गाडीच्या तळाखाली पट्ट्यांवर लटकवलेली असते. घर्षणाचा संबंधच नाही. तिथला शत्रू म्हणजे हजारो छोटे हादरे: स्क्रू सैल होणं, पट्टीला भोकापाशी तडा जाणं. पाणी तेच, पण बिघडण्याची रीत वेगळी.

मग टाकी धरायची कशी?

पहिलं, आधी अडवा, मग बांधा. टाकीच्या चारही बाजूंना तळाशी अँगल किंवा लाकडी ओंडके पक्के बसवा. वरून नुसता पट्टा आवळला तर तो टाकीला खाली दाबतो आणि त्या दाबाने घर्षण वाढवतो, एवढंच. घर्षणांक ०.२ असेल आणि पट्ट्यात २५० किलोचा ताण असेल, तर दोन्ही बाजू मिळून एका पट्ट्यामागे जेमतेम १०० किलोचा आधार मिळतो. वरच्या हिशोबातले ३०० किलो भरून काढायलाच असे तीन पट्टे लागतील. युरोपातलं माल बांधण्याचं मानक, ईएन १२१९५-१, पुढच्या दिशेला ०.८ जी आणि बाजूला व मागे ०.५ जी धरायला सांगतं. भरलेल्या टाकीसाठी पुढचा जोर १६०० किलोचा झाला. तो घर्षणावर सोडायचा नसतो.

दुसरं, नायलॉनची दोरी ताणते, आणि भिजली की आणखी कमजोर होते. पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा बरा. प्लास्टिकची टाकी उन्हात मऊ पडते, पाणी कमी झालं की तिचा फुगवटाही बसतो. सकाळी घट्ट आवळलेला पट्टा दुपारी सैल सापडतो तो यामुळे. निघाल्यावर थोड्या अंतरावर एकदा आणि नंतर प्रत्येक थांब्याला हात लावून बघायचा.

तिसरं, टाकीत आडवे पडदे, म्हणजे बॅफल. याबद्दल माझीही अपेक्षा फार होती. हिशोब केला तर एका पडद्याने १.६८ चा आकडा १.४७ वर येतो, तीन पडद्यांनी १.२६ वर. फायदा आहे, लाटेची उंचीही कमी होते, पण पडदे आहेत म्हणून अडवणं सोडता येत नाही.

चौथं, शक्य असेल तर चालताना टाकी भरलेली किंवा रिकामी ठेवा. पण भरलेली ठेवायची तर ट्रॉलीची क्षमता बघा. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार ट्रॅक्टरलाच थांबवावा लागतो.

या गणिताची हद्द

१.६८ हा आकडा पाटीवर लिहिण्याआधी एक गोष्ट. हे सूत्र लाट लहान असेल तरच चालतं. ०.१२ जी ला लाट साधारण २४ सेंटिमीटर चढते, तिथवर ठीक. ०.३५ जी ला हेच सूत्र ७० सेंटिमीटर सांगतं, आणि टाकीत वर जागा आहे फक्त ५० ची. पाणी छताला धडकणार, आणि तिथे हे गणित संपतं. करकचून ब्रेकसाठी हा आकडा वापरणं म्हणजे माझी पहिली चूक नव्याने करणं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर २० सेंटिमीटर लांबीचा पारदर्शक चौकोनी डबा घ्या, त्यात ५ सेंटिमीटर पाणी भरा. खोली आणि लांबीचं गुणोत्तर तेच राहिलं. एक हलका धक्का द्या आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये झोका मोजा. साधारण ०.६३ सेकंद यायला हवा. डबा दहापट लहान, पण वेळ दहाच्या वर्गमुळाने लहान. नाही आला तर आधी सूत्राला नाही, आपल्या मोजण्याला शंका विचारा. मग सूत्राला.

मी हे सगळं तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या वर्षी त्यांनी ट्रॉलीत चारही बाजूंनी अँगल मारलेत, खाली रबर टाकलंय, पट्टे नवे आणलेत. शेवटी म्हणाले, "म्हंजे मी म्हनलो तेच ना?"

हो तात्या, तेच. फक्त मला ते समजायला तीन वह्या लागल्या.